हवाई वाहतूक, सरकार आणि जे. आर. डी. टाटा : एका कारकिर्दीचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

रहाटणीकडून पवना ओलांडून पिंपरीत आले की सार्वजनिक आणि खाजगी या दोन्ही क्षेत्रांचा इतिहास एकाच नगरात शेजारी शेजारी उभा असलेला दिसतो. एकीकडे केंद्र सरकारने १९५४ साली स्थापन केलेली, पेनिसिलिनच्या उत्पादनाने देशभर नावाजलेली आणि पुढे आर्थिक विपन्नावस्थेस पोहोचलेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, जिला येथील लोक नुसते ‘एच. ए.’ म्हणतात, आणि दुसरीकडे साठाच्या दशकात सुमंत मुळगावकरांच्या देखरेखीखाली आकारास आलेला टाटांच्या टेल्कोचा कारखाना, ज्याचे अधिकृत नाव बदलून बराच काळ लोटला तरी जुन्या कामगारांच्या तोंडी ते मूळचे नावच टिकून आहे. अशा परिसरात ज्यांची हयात गेली त्या माझ्या काही निवृत्त स्नेह्यांत, एअर इंडिया पुन्हा टाटांच्या ताब्यात गेल्यापासून, एक वाद वारंवार निघतो. जे. आर. डी. टाटांकडून सरकारने विमानसंस्था घेतली हे देशाच्या हिताचे झाले की अहिताचे, आणि त्यांची हवाई वाहतुकीतील कारकीर्द या दोहोंपैकी कोणत्या पक्षाचा पुरावा मानावयाची, असा तो वाद आहे. त्याची आजची स्थिती पक्षाभिनिवेश बाजूस ठेवून मांडावी, अशी त्यांची सूचना होती. तिला अनुसरून हा आढावा घेतला आहे.

हा प्रश्न इतका काळ जिवंत राहिला याचे कारण त्या कारकिर्दीच्या घडणीतच आहे. १९३२ पासून १९७८ पर्यंत एकाच गृहस्थाने एकच विमानसंस्था आधी खाजगी उद्योजक म्हणून, मग सरकारचा भागीदार म्हणून आणि अखेर सरकारने नेमलेला अध्यक्ष म्हणून चालविली. मालक बदलला आणि चालक मात्र तोच राहिला, असे उदाहरण उद्योगाच्या इतिहासात क्वचितच सापडते; त्यामुळे खाजगीकरणाचे पुरस्कर्ते आणि सार्वजनिक क्षेत्राचे कैवारी हे दोघेही जे. आर. डीं.ना आपापला साक्षीदार म्हणून पुढे करतात, आणि दोघांच्याही हाती काही ना काही खरे प्रमाण असते.

पूर्वपीठिका

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांची माता फ्रेंच होती. वैमानिकाचा परवाना त्यांस १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळाला. एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा या संस्थेने दिलेल्या त्या परवान्याचा अनुक्रमांक एक होता. परंतु व्यवसायाची मूळ कल्पना त्यांची नव्हे. ब्रिटिश वायुदलातून निवृत्त झालेले नेव्हिल व्हिन्सेंट हे वैमानिक टपाल वाहून नेण्याची एक योजना घेऊन हिंदुस्थानात आले; तिचा पुरस्कार जे. आर. डीं.नी केला आणि टाटा उद्योगातील ज्येष्ठ संचालक जॉन पीटरसन यांच्या मध्यस्थीने उद्योगप्रमुख सर दोराबजी टाटांची अनुज्ञा व सुमारे दोन लक्ष रुपयांचे भांडवल मिळविले. सरकारशी करार होण्यास मात्र दीर्घ काळ लागला, आणि तो झाला तेव्हाही सरकारने आर्थिक साहाय्याची हमी दिली नाही. वाहून नेलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला, एवढीच ती तजवीज होती.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डीं.नी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानापर्यंत पुस मॉथ जातीचे लहानसे विमान स्वतः आणले, आणि तेथून बळ्ळारी व मद्रासकडे व्हिन्सेंट ते घेऊन गेले. पहिल्या पूर्ण वर्षात या सेवेने सुमारे एक लक्ष साठ हजार मैलांची मजल मारली आणि १५५ उतारू नेले. या आरंभकाळाशी पुण्याचा जो संबंध आहे तो आपल्याकडे फारसा कोणास ठाऊक नसतो. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जात असल्यामुळे दर वर्षी त्या दिवसांत विमाने, वैमानिक आणि यंत्रज्ञ असा सारा सरंजाम पुण्यास हलवावा लागे, आणि येरवड्याच्या कारागृहाच्या छायेत असलेल्या एका मैदानावरून टपालाची उड्डाणे होत. रेडिओ नाही, हवामानाचे विश्वसनीय वृत्त नाही, आखीव धावपट्टी नाही, अशा स्थितीत घाटावरच्या पावसातून वेळेवर टपाल पोहोचविण्याची जी शिस्त त्या मूठभर माणसांनी अंगी बाणवली, तिच्यातच पुढील संस्थेचा स्वभाव घडला असे मला वाटते.

१९३८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जे. आर. डी. टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. १९४२ मध्ये व्हिन्सेंट विमानप्रवासातच मृत्यू पावले. १९४६ च्या जुलैत विमानविभागाचे रूपांतर ‘एअर-इंडिया’ नावाच्या सार्वजनिक भागधारकांच्या कंपनीत झाले, आणि १९४८ च्या मार्चमध्ये परदेशी वाहतुकीसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल ही निराळी कंपनी निघाली. तिच्यात सरकारचा वाटा शेकडा ४९ होता व आणखी दोन टक्के घेण्याची मुभा सरकारने राखून ठेवली होती. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला रवाना झाले. सरकार आणि खाजगी उद्योग यांच्या संयुक्त मालकीचा हा प्रयोग केवळ पाचच वर्षे चालला. यापुढील वादात उभय पक्ष त्याला फारसे महत्त्व देत नाहीत. मला तो त्या सर्व काळातील अत्यंत विचारार्ह भाग वाटतो.

राष्ट्रीयीकरणाचा वाद

महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याची शिल्लक डकोटा विमाने अल्प किमतीत उपलब्ध झाली, आणि परवाना मंडळाने दहा-अकरा कंपन्यांना वाहतुकीचे परवाने दिले. जेथे दोन-तीन कंपन्यांपुरतेच उतारू होते तेथे इतक्या संस्था उतरल्यामुळे बहुतेकांचा जमाखर्च तोट्यात गेला. त्यातच १९४९ च्या जानेवारीत तत्कालीन दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांनी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू केली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र यावयाची आणि टपालाची अदलाबदल करून पहाटेपर्यंत परतावयाची, अशी ती योजना होती. रात्री विमान उतरविण्याच्या सोयी अपुऱ्या आहेत, असा आक्षेप जे. आर. डीं.नी घेतला, आणि मंत्री व उद्योगपती यांच्यात जाहीर वादंग माजले. सामान्य माणसाचे पत्र दुसऱ्याच दिवशी पोहोचावे ही किडवाईंची तळमळ खरी होती, आणि ती सेवा पुढे दीर्घकाळ लोकोपयोगी ठरली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या सर्व अव्यवस्थेची चौकशी मुंबईचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. १९५० च्या तिच्या अहवालाचा आशय असा की, परवाने गरजेहून अधिक दिले गेले आहेत, कंपन्यांची संख्या एकत्रीकरणाने कमी केली पाहिजे, आणि राष्ट्रीयीकरणाचे तत्त्व विचारात घेण्याजोगे असले तरी ते काही वर्षे लांबणीवर टाकावे. सरकारने तितका अवधी घेतला नाही. जगजीवनराम दळणवळणमंत्री असताना एअर कॉर्पोरेशन्स ॲक्ट संमत झाला आणि १ ऑगस्ट १९५३ पासून आठ देशांतर्गत कंपन्यांचे मिळून इंडियन एअरलाइन्स, व परदेशी वाहतुकीसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल, अशी दोन महामंडळे अस्तित्वात आली. त्या आठांमध्ये वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनने विकत घेतलेली एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया हीही होती. महाराष्ट्रातील औद्योगिक इतिहासाच्या लेखकांनी या कंपनीकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते.

या निर्णयाविषयी तीन भूमिका आजही मांडल्या जातात. पहिली अशी की, तो अन्याय होता आणि चूकही होती. जे. आर. डीं.ची तक्रार केवळ मालकी गेल्याची नव्हती. आपणाशी सल्लामसलत न करता निर्णय आधीच पक्का केला गेला, नुकसानभरपाई अपुरी होती, आणि तोट्यातील कंपन्यांच्या गोंधळाचे प्रायश्चित्त सुव्यवस्थित कंपनीने घ्यावे असे झाले, हे त्यांचे म्हणणे त्यांनी पंतप्रधान नेहरूंपर्यंत पोहोचविले होते. या पक्षाचे अभ्यासक यापुढे जाऊन म्हणतात की, स्पर्धेचा मार्ग चार दशके बंद झाल्यामुळे भारतीय उतारूचे कायमचे नुकसान झाले.

दुसरी भूमिका अपरिहार्यतेची आहे. युरोपातील बहुतेक देशांच्या विमानसंस्था त्या काळी सरकारी मालकीच्याच होत्या. परदेशी उड्डाणांचे हक्क सरकारा-सरकारांच्या करारांनी ठरत. आणि लवकरच येऊ घातलेल्या जेट विमानांसाठी जे विदेशी चलन लागणार होते ते कोणत्याही खाजगी भारतीय कंपनीस सरकारी आश्रयावाचून मिळाले नसते. या पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा कालानुक्रमाचा आहे. एअर इंडियाची जी कीर्ती आपण खाजगी क्षेत्राच्या नावे जमा करतो ती प्रत्यक्षात १९५३ नंतरची, म्हणजे सरकारी मालकीच्या काळातील आहे.

तिसरी भूमिका तुलनेने अलीकडची असून ती दोन महामंडळांच्या वाटणीकडे बोट दाखविते. सरकारच्या मनात प्रारंभी एकच महामंडळ होते. परदेशी वाहतुकीची संस्था स्वतंत्र राहावी हा आग्रह जे. आर. डीं.चा होता आणि तो मान्य झाला. परिणामी आठ कंपन्यांची जुनी विमाने, भिन्न भिन्न वेतनश्रेणी आणि लहान गावांची न परवडणारी उड्डाणे हा सारा भार इंडियन एअरलाइन्सच्या वाट्यास गेला, तर एअर इंडियाला एकसंध परंपरेचा सेवकवर्ग आणि किफायतीचे मार्ग मिळाले. यांपैकी एकीच्या यशाचे गुणगान करताना दुसरीच्या ओझ्याचा हिशेब मांडावयास हवा, हे या अभ्यासकांचे म्हणणे मला रास्त वाटते.

सरकारी अध्यक्षपदाची पंचवीस वर्षे

इतक्या कडवट वादानंतर जे. आर. डीं.नी एअर इंडियाचे अध्यक्षपद स्वीकारले, आणि तेही वेतनाविना. पुढील काळातील ठळक टप्पे सर्वमान्य आहेत. १९५८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचे अध्यक्ष झाले. १९६० मध्ये बोइंग ७०७ विमाने आली व त्याच वर्षी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९६२ मध्ये एअर इंडियाचा सर्व ताफा जेट विमानांचा झाला. आणि १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ हे पहिले जंबो जेट दाखल झाले. संस्थेचे बोधचिन्ह असलेला महाराजा हा तिचे अधिकारी बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ मध्ये निर्मिलेला. परंतु त्याला जगभर मान मिळाला तो याच वर्षांत.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने अधिक अभ्यासनीय अशी त्यांची एक वहिवाट होती. प्रत्येक प्रवासानंतर ते अधिकाऱ्यांना सविस्तर टिपणे पाठवीत, आणि त्यांत विमानातील चहा व कॉफी यांचा रंग एकसारखाच दिसतो यासारख्या बाबी असत. बारीकसारीक गोष्टींतील निर्दोषपणा हेच विमानसेवेचे मर्म होय, ही त्यांची धारणा येरवड्याच्या मैदानावरच्या दिवसांपासूनची होती. तिच्याविषयी दोन मते आहेत. एका मताप्रमाणे अशा लक्ष घालण्यानेच सेवकवर्गात अभिमान निर्माण झाला. दुसऱ्या मताप्रमाणे अध्यक्षाच्या व्यक्तिगत दृष्टीवर उभी राहिलेली गुणवत्ता त्या अध्यक्षाबरोबरच जाते, आणि तिची जागा घेणारी यंत्रणा त्या पंचवीस वर्षांत पुरेशी उभी झाली नाही.

या काळाचा एक भाग गौरवग्रंथांत सहसा येत नाही. एअर इंडियाच्या सेवानियमांप्रमाणे हवाई सुंदरीस वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरी लागल्यापासून चार वर्षांच्या आत विवाह केल्यास, किंवा पहिल्या गरोदरपणी नोकरी सोडावी लागे. पस्तिसाव्या वर्षानंतर मुदत वाढविणे हे व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर होते. नर्गेश मिर्झा यांच्या गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली गरोदरपणाची अट आणि ती अनिर्बंध मर्जी ही दोन्ही रद्द ठरविली. विवाहाविषयीची चार वर्षांची अट मात्र कायम ठेवली. जे. आर. डी. तेव्हा अध्यक्षपदी नव्हते, पण असे नियम त्यांच्या अमदानीत अमलात होते. याच्या शेजारी पिंपरीतील एक प्रसंग ठेवून पाहावा. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते. त्यावर सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डीं.ना पोस्टकार्ड लिहिले आणि टेल्कोचे दार त्यांच्यासाठी उघडले. पहिला प्रसंग विसरून केवळ दुसरा सांगणे, किंवा याच्या उलट करणे, हे दोन्ही इतिहासाशी प्रामाणिक नाही. वरिष्ठाच्या लक्षात आलेला अन्याय लगेच दूर होई आणि लक्षात न आलेला नियमात तसाच राही, ही त्या व्यवस्थेची शक्ती होती व मर्यादाही होती.

१९७८ ची बडतर्फी

१ जानेवारी १९७८ रोजी ‘एम्परर अशोक’ हे विमान मुंबईहून उड्डाण केल्यानंतर वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळून २१३ जण मृत्युमुखी पडले. विमानाची स्थिती दर्शविणाऱ्या उपकरणात बिघाड झाल्यावर रात्रीच्या अंधारात कप्तानास विमानाच्या कलाचे भान राहिले नाही, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. पुढील महिन्यात मोरारजी देसाई यांच्या सरकारने जे. आर. डीं.ना अध्यक्षपदावरून दूर करून त्या जागी १९७१ च्या युद्धकाळातील वायुदलप्रमुख प्रतापचंद्र लाल यांची नेमणूक केली. सरकारी पत्र हाती पडण्यापूर्वीच ही वार्ता जे. आर. डीं.ना अन्य मार्गाने कळली होती, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. व्यवस्थापकीय संचालक अप्पुस्वामी यांनी निषेधार्थ राजीनामा दिला. सत्तेबाहेर असलेल्या इंदिरा गांधींनी स्वहस्ते सांत्वनपर पत्र लिहिले, आणि १९८० मध्ये पुन्हा सत्तेवर येताच त्यांना संचालक मंडळावर घेतले. अध्यक्षपद मात्र परत दिले नाही.

या निर्णयाच्या समर्थकांचे म्हणणे असे की, सार्वजनिक महामंडळाचा अध्यक्ष बदलणे हा निर्वाचित सरकारचा अधिकार आहे, पंचवीस वर्षे हा कोणत्याही पदासाठी दीर्घ काळ आहे, आणि लाल हे त्या पदास सर्वथा योग्य होते. विरोधकांचा भर अधिकारापेक्षा रीतीवर आहे. विनावेतन सेवा केलेल्या, त्र्याहत्तर वर्षांच्या संस्थापकास निरोप देण्याची ती पद्धत नव्हे, असे ते म्हणतात, आणि या बाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे. त्या निर्णयाचा विमान-अपघाताशी संबंध होता काय, याविषयी मात्र तर्कांपलीकडे कोणाजवळ आधार दिसत नाही, म्हणून तो संबंध गृहीत धरून केलेली मांडणी ग्राह्य धरता येत नाही.

उत्तरकाळ

यापुढील कथा अनेकांना परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जे. आर. डीं.नी कराची–मुंबई उड्डाण लहान विमानातून पुन्हा केले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात ते निवर्तले. १९५३ चा कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. २००७ मध्ये दोन्ही महामंडळांचे वारस एकत्र केले गेले आणि कर्जाचा डोंगर वाढत गेला. २०१८ मध्ये विक्रीस काढलेल्या संस्थेस एकही ग्राहक मिळाला नाही. अखेर २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये टाटांची १८,००० कोटींची बोली मान्य झाली, ज्यांपैकी १५,३०० कोटी कर्जाची जबाबदारी व २,७०० कोटी रोख होते, आणि २७ जानेवारी २०२२ रोजी ताबा दिला गेला. १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे एअर इंडियाच्या विमानास झालेल्या भीषण अपघाताने, मालकी बदलल्याने संस्थेची अंतर्गत शिस्त किती बदलते, हा प्रश्न अत्यंत दुःखद रीतीने पुन्हा पुढे आणला आहे; त्याविषयी घाईने मत देणे मृतांच्या आप्तांवर अन्याय करणारे होईल.

अनिर्णित राहिलेले मुद्दे

दोन्ही पक्षांची प्रमाणे शेजारी ठेवली असता, मालकी खाजगी की सरकारी या प्रश्नाने या कारकिर्दीचा उलगडा होत नाही, असे मला वाटते. १९५३ च्या आधी व नंतर संस्था उत्तम चालली. याउलट १९७८ नंतर मालक तोच राहूनही ती हळूहळू खालावली. मध्यंतरी जे बदलले ते चालकाचे सरकारदरबारी असलेले वजन. जे. आर. डी. मंत्र्यास नाही म्हणू शकत होते, कारण त्यांची उपजीविका, प्रतिष्ठा आणि भवितव्य यांतील काहीच त्या पदावर अवलंबून नव्हते. महामंडळाच्या कायद्याने मात्र अशी स्वायत्तता कोणाही अध्यक्षास दिलेली नव्हती. म्हणून ती त्यांच्या वारसांना मिळाली नाही. याला प्रतिपक्षाचे उत्तर असे की, खालावण्याचे खरे कारण तेलाच्या किमती, आखाती देशांच्या विमानसंस्थांची स्पर्धा आणि २००५-०६ मधील १११ विमानांची अवाढव्य खरेदी हे होते, आणि कितीही स्वतंत्र अध्यक्ष असता तरी या लाटा त्यास थोपविता आल्या नसत्या. या आक्षेपाचे पूर्ण निरसन अद्याप कोणी केलेले नाही.

दुसरा अनिर्णित मुद्दा साधनांचा. या कारकिर्दीविषयी आपण जे जाणतो त्यांतील बहुतांश भाग जे. आर. डीं.ची पत्रे, त्यांच्या मुलाखती आणि आर. एम. लाला यांचे १९९२ मधील चरित्र यांतून आलेला आहे. मराठीत गिरीश कुबेर यांच्या ‘टाटायन’ने हा इतिहास घरोघर पोहोचविला. किडवाई, जगजीवनराम आणि राजाध्यक्ष समिती यांच्या बाजूने लिहिलेले तितक्याच तोलाचे चरित्रात्मक लेखन मात्र सामान्य वाचकाच्या हाती नाही, आणि त्यामुळे १९५२-५३ चे चित्र नकळत एका बाजूस झुकते. टाटा उद्योगाचा दप्तरखाना, टाटा सेंट्रल अर्काइव्ह्ज, पुण्यातच आहे. तेथील पत्रव्यवहार आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील दळणवळण खात्याचे कागद समोरासमोर ठेवून, नुकसानभरपाई कशी ठरली, एक महामंडळ की दोन हा निर्णय कोणत्या क्रमाने झाला, आणि अर्धे सरकारी–अर्धे खाजगी असे १९४८ चे भागीदारीचे स्वरूप पुढे का चालू ठेवले गेले नाही, या तीन प्रश्नांचा शोध घेण्याचे काम आपल्याच जिल्ह्यातील एखाद्या तरुण संशोधकास करता येण्याजोगे आहे.